फिरतोय की पिळतोय? चेसिसमध्ये तुटून अडकलेला बोल्ट काढताना

गेल्या आठवड्यात पुन्हा तेच. गाडी वेगळी, माणूस वेगळा, दुखणं मात्र जुनंच. मागच्या फुटरेस्टचा बोल्ट चेसिसमध्ये तुटलेला आणि त्याचं डोकं गिऱ्हाइकाच्या वरच्या खिशात. ‘मालक, एवढंसंच राहिलंय आत,’ म्हणत डोकं माझ्या तळहातावर ठेवतात. खरं तर हातावर असतं त्याच्या दुप्पट आत असतं.

मी सुरुवातीला सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या फिटरच्या हाताखाली होतो. मागाचे बोल्ट जाम होतात ते तेल आणि सुताच्या कचऱ्यानं, मोटारसायकलचे होतात ते चिखल आणि पाण्यानं. काढायची रीत एकच. गेली कित्येक वर्षं स्वतःच्या छोट्या गॅरेजमध्ये हेच काम हातून इतक्या वेळा गेलंय, की आता बोल्ट बघायच्या आधी मी माणसाला विचारतो, ‘तुटायच्या आधी काय काय केलं?’ उत्तरावरून पुढचं अर्धं काम कळतं.

आधी लक्षणं

पाना डोक्यावर नीट बसतो, जोर लावला तरी बोल्ट दगडासारखा हलत नाही. हा जाम बोल्ट, पण अजून धडधाकट. इथं असाल तर नशीबवान आहात, हातातला पाना खाली ठेवा आणि पुढचं वाचून मग उचला.

पाना थोडा फिरतो, मऊ लागतो आणि जोर सोडला की किंचित मागे येतो. या खुणेला लोक फसतात. माझ्याकडचं पोरगं पहिल्या महिन्यात आनंदानं ओरडलं होतं, ‘अण्णा, फिरला!’ मी म्हटलं, ‘फिरला नाही रे, पिळला.’ पुढच्या जोराला डोकं त्याच्या पान्यात आलं. बोल्ट खरा सुटतो तेव्हा ‘कट्ट’ असा कोरडा आवाज येतो, पान्याला धक्का बसतो आणि पुढं तो किरकिरत, पण ठाम फिरतो. आवाज न करता लोण्यासारखा फिरायला लागला, तर आतले आटे जागेवर आहेत आणि वरचा दांडा पिळवटतोय असं समजा. तिथंच थांबायचं. थोडा पिळलेला बोल्ट तेल आणि उष्णतेनं अजून सुटू शकतो, तुटला की काम कितीतरी वाढतं.

बोल्ट गरागरा फिरतो पण बाहेर येत नाही. म्हणजे एकतर आटे झिजलेत, किंवा चेसिसच्या पाइपाआड वेल्ड केलेला नट त्याच्या जागेवरून सुटलाय. हे दुखणं वेगळं. इथं तेल आणि उष्णता दोन्ही वाया जातात.

डोक्याचे कोपरे गोल झालेत आणि पाना घसरतोय.

आणि शेवटचं, बोल्ट तुटलेलाच आहे. मग एवढंच बघायचं, की तुकडा पृष्ठभागाच्या वर आहे, बरोबरीत आहे की आत गेलाय. बोटाच्या नखाएवढा जरी वर असेल तरी काम निम्म्यानं सोपं.

हे आपल्याकडं एवढं का होतं

सोलापुरात पाऊस कमी, मग गंज कुठून, असं बरेच जण विचारतात. पाऊस कमी असला तरी काळी माती आहे. ओली काळी माती फुटरेस्टच्या मागं, स्टँडच्या ब्रॅकेटवर, इंजिनाखालच्या बोल्टवर लिंपून बसते आणि वरून वाळली तरी आतून दिवसचे दिवस ओल धरते. त्यात बोअरच्या पाण्यानं गाडी धुवायची सवय. प्रेशरच्या फवाऱ्यानं पाणी आट्यांत घुसतं आणि क्षार तिथंच राहतात. दुधाचे कॅन वाहणाऱ्या गाड्यांचं तर विचारूच नका. सांडलेलं दूध आंबतं, आणि मागचे बोल्ट सगळ्यात आधी तेच खातं.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. बोल्ट आणि नटच्या आट्यांमध्ये असलेली बारीक फट तो फुगून भरून काढतो आणि दोन्ही बाजूंना रेटतो. म्हणून जाम बोल्ट नुसता चिकटलेला नसतो, आवळलेला असतो. मग त्याला ओढून काय होणार? आधी तो गंज फोडायला हवा.

पहिली तपासणी: मागून बघा

खर्च शून्य, तरी दहातले आठ जण हे करत नाहीत. टॉर्च घ्या, गाडीखाली वाका आणि बोल्टचं दुसरं टोक दिसतंय का बघा. बऱ्याच फुटरेस्टच्या आणि सायलेन्सरच्या बोल्टचं शेपूट वेल्ड केलेल्या नटातून मागे दोन-चार आटे बाहेर आलेलं असतं. तेच आटे सगळ्यात जास्त गंजलेले असतात, कारण ते उघड्यावर असतात. बोल्ट बाहेर काढताना हे गंजलेले, फुगलेले आटे नटाच्या स्वच्छ आट्यांतून ओढून आणावे लागतात. पुष्कळ बोल्ट पहिल्यांदा सुटतात आणि मग अर्ध्या वाटेत तुटतात ते याचमुळं. म्हणून आधी तारेचा ब्रश घेऊन शेपूट चकचकीत होईपर्यंत घासा. जास्त बाहेर असेल तर हॅक्सॉनं कापूनच टाका. शिवाय मागून भोक उघडं असेल तर तेल दोन्ही बाजूंनी घालता येतं.

सोबत एक बघून घ्या, फुटरेस्ट वाकलाय का? गाडी पडलेली असेल तर बोल्टही आत वाकलेला असतो. वाकलेला बोल्ट गंज नसतानाही फिरत नाही, आणि त्याला तुम्ही आठवडाभर तेलात बुडवलं तरी फरक पडत नाही. तो सरळ ड्रिलिंगचा किंवा वेल्डिंगचा रुग्ण.

उलट्या आट्यांची शंका पुष्कळांना येते. चेसिसवरचे बोल्ट जवळपास सगळे सरळ आट्याचे, घड्याळाच्या उलट फिरवले की सुटणारे. उलटे आटे आपल्याला भेटतात ते आरशात, उदाहरणार्थ यामाहाच्या उजव्या आरशाला.

दुसरी तपासणी: पाना बरोबर आहे का

एम-८ च्या, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला काही गाड्यांत १२ चा पाना लागतो, काहींत १३ चा. जपानी वळणाच्या गाड्यांत १२, हार्डवेअरच्या दुकानातून आणून कुणी बदललेला असेल तर बहुधा १३. गंजानं डोकं खाल्लेलं असलं की १३ चा पाना १२ वर ‘जवळजवळ’ बसतो आणि त्या जवळजवळमध्येच कोपरे जातात. उघड्या तोंडाचा फिक्स पाना वापरूच नका, तो दोनच कोपऱ्यांवर जोर टाकतो. सहा कोनांची गोटी, म्हणजे सॉकेट घ्या. बारा कोनांचा रिंग पाना कोपऱ्याच्या टोकाला धरतो, सहा कोनांची गोटी सपाट बाजूला धरते. डोक्यावरची माती टोकदार खिळ्यानं कोरून काढा, नाहीतर गोटी पूर्ण खाली बसत नाही. हे सगळं दहा मिनिटांचं काम.

आता जोराचा हिशेब, कारण पाइप लावायचा मोह इथूनच सुरू होतो. ८.८ ग्रेडचा (हा बोल्टच्या ताकदीचा आकडा) एम-८ बोल्ट साधारण २२ ते २५ न्यूटन मीटरला आवळतात, हे पिळाच्या जोराचं माप. २० सेंटिमीटरच्या पान्यावर २० किलोचा जोर दिला की जवळपास ४० न्यूटन मीटर होतात, म्हणजे नव्या बोल्टचीही सहनशक्ती तिथंच कुठंतरी संपते. त्याच पान्याला ६० सेंटिमीटरचा पाइप घातला की तेवढ्याच जोरात आकडा १२० च्या आसपास जातो. पाइप लावलेल्या माणसाच्या हाताला काहीच कळत नाही. छोट्या पान्याला ‘पिळतोय’ हे जाणवतं, पाइपला नाही. इंजिन माउंटिंगच्या जाड बोल्टला पाइप एक वेळ ठीक. एम-६ आणि एम-८ ला माझ्या गॅरेजमध्ये बंदी आहे.

तिसरी: तेल, आणि रात्रभर कळ

पूर्वी रॉकेल असायचं, आता ते सहज मिळत नाही. डिझेल चालतं, पण हळू चालतं. पेनेट्रेटिंग ऑइलचा फवारा सगळ्यात बरा. डब्ल्यूडी-४० सगळ्यांच्या घरात असतं, ते मुळात १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवून गंज टाळण्यासाठी बनवलं गेलं. नावातला ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नाला जमलेलं मिश्रण. नवा बोल्ट गंजू नये म्हणून ते उत्तम, जुन्या मुरलेल्या गंजात मात्र ते इतरांइतकं खोल उतरत नाही असा माझा अनुभव. एक घरगुती उतारा आहे, अर्धं एसिटोन आणि अर्धं एटीएफ, म्हणजे पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल. दोन्ही एकत्र टिकत नाहीत, दर वेळी बाटली हलवूनच टाकायचं. एसिटोन रंग खातं आणि पेटतंही लगेच, त्यामुळं याच्यानंतर त्याच दिवशी ज्योत जवळ आणायची नाही.

तेल घालणं सोपं, ते तिथं थांबवणं अवघड. फवारा मारला की अर्धं जमिनीवर. आमच्याकडं यंत्रमागाच्या कारखान्यातलं टाकाऊ सूत हात पुसायला पोत्यानं येतं. त्यातली एक वात वळून बोल्टच्या गळ्याभोवती गुंडाळतो, तेलानं भिजवतो आणि वरून प्लास्टिकची पिशवी बांधतो. सूत रात्रभर तेल सोडत राहतं. सकाळ-संध्याकाळ पुन्हा थोडं तेल, आणि शक्य असेल तर दोन दिवस. लोकांना हे ऐकवत नाही. ‘एक बोल्ट काढायला दोन दिवस?’ हो, कारण तुटला तर तीन लागतात.

तेल ब्रेकच्या ड्रमवर, डिस्कवर किंवा टायरवर ओघळू देऊ नका. मागच्या फुटरेस्टच्या खाली डिस्क असेल तर आधी तिच्यावर जाड फडकं बांधा.

चौथी: ठोका, मग आधी आवळा

तेल मुरल्यावर बोल्टच्या डोक्यावर, अगदी सरळ, अक्षाच्या दिशेनं, जाड पंच ठेवून मध्यम हातोडीचे आठ-दहा ठोके द्या. जिवाच्या आकांतानं नको, देवळातली घंटा वाजवावी तसे. या ठोक्यांनी आट्यांमधल्या गंजाच्या खपलीला बारीक तडे जातात आणि तेल त्या तड्यांत शिरतं. आडवे ठोके दिले तर बोल्ट वाकतो, उपयोग शून्य.

मग पाना लावून पहिला जोर आवळायच्या दिशेनं, अगदी केसभर. ऐकणाऱ्याला वेड्यासारखं वाटतं. पण त्या बाजूचा गंज तुलनेनं कमी चेपलेला असतो आणि खपली तुटायला कुठल्याही दिशेची हालचाल चालते. ‘कट्ट’ ऐकू आलं की उलटं फिरवा. पाव फेरा मागे, थोडा पुढे, तेल, पुन्हा पाव फेरा. सुटला म्हणून एका दमात ओढू नका. भुसा झालेला गंज पुढच्या आट्यांत जमतो आणि तिथं बोल्ट दुसऱ्यांदा जाम होतो. अर्धेअधिक सुटलेले बोल्ट मी स्वतः असे तोडलेत, त्यामुळं हे सांगायचा मला अधिकार आहे.

पाचवी: उष्णता

इथून पुढं घरी करणाऱ्यांनी स्वतःला खरं उत्तर द्यावं, की हे करायची जागा आणि सामान आहे का.

टाकी काढायची. नुसती रिकामी नाही, काढून दुसऱ्या खोलीत. रिकाम्या टाकीत वाफ उरते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते, आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर असताना तर पाइपातला थेंबही वाफ होऊन बसलेला असतो. बॅटरीची तार सोडा. वाळूची बादली हाताशी ठेवा. जवळ रबरी बुश, वायरिंग, ब्रेकचा होज किंवा ओ-रिंगची चेन असेल तर तिथं ज्योत नकोच.

गरम करायचं ते बोल्टच्या भोवतालचं लोखंड, म्हणजे नट, बोल्ट नव्हे. ८ मिलिमीटरचं भोक २०० अंशांनी तापवलं तर फार तर दोन शतांश मिलिमीटरनं मोठं होतं. ही वाढ डोळ्याला दिसत नाही, पण गंजाची खपली तेवढ्यावर फुटते. लाल करायची गरज नाही, करूही नये. चेसिसचा पाइप पातळ असतो आणि लाल केलेल्या पाइपाची ताकद पुन्हा तशीच राहील याची खात्री कुणी देऊ नये. रंगाला फोड यायला लागले की थांबा. मग साधी मेणबत्ती गरम आट्याच्या कडेला टेकवा. मेण वितळून फटीत ओढलं जातं, आणि गार होता होता बोल्ट फिरवून बघा. दोन-तीन वेळा तापवणं आणि गार करणं हे एकदाच खूप तापवण्यापेक्षा जास्त काम करतं.

इंजिनाचं केसिंग अॅल्युमिनियमचं असतं. ते लाल होत नाही, ६६० अंशांच्या आतच न सांगता वितळतं. तिथं ज्योतीचं काम घरी नको.

तुटलाच असेल तर

तुकडा वर असेल तर दोन बाजू कानशीनं सपाट करा आणि चांगल्या व्हाइस ग्रिपनं धरा. आधी वरचे सगळे टप्पे, म्हणजे तेल, ठोके, उष्णता, तुकड्यावरही करायचे. बोल्ट तुटला म्हणजे ते संपले असं नाही. उलट तुटल्यावर ताण मोकळा झालेला असतो, त्यामुळं तुकडा कधी कधी डोक्यापेक्षा सहज फिरतो.

बरोबरीत असेल किंवा थोडा आत असेल तर माझी पहिली पसंती वेल्डिंगला. तुकड्यावर त्याच्यापेक्षा एक माप मोठा नट ठेवायचा, एम-८ ला एम-१०, आणि नटाच्या भोकातून आत वेल्ड भरायचं. नटावरचं जस्ताचं पाणी आधी घासून काढा, त्याचा धूर छातीला वाईट. पकड मिळते हा फायदा आहेच, पण खरं काम करते ती वेल्डची उष्णता, जी बरोबर बोल्टच्या पोटात जाते. लाली उतरू द्या, अर्धा मिनिट थांबा, मग पाना लावून पुढे-मागे, पुढे-मागे. पहिला नट सुटून आला तर निराश होऊ नका. मी एकाच बोल्टला चार नट लावलेत, चौथ्याला आला.

वेल्डिंगवाल्याकडं गाडी नेणार असाल तर दोन गोष्टी त्याच्या मागे उभं राहून करवून घ्या. अर्थिंगची क्लिप तुटलेल्या बोल्टच्या शेजारी, रंग खरवडून लावायची. ती मागच्या चाकाला लावली की करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला खड्डे पडतात. दुसरं, १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत इंजेक्शन आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर असतो. बॅटरी सोडून ईसीयूचा कप्लरही काढल्याशिवाय वेल्डची ठिणगी पडू द्यायची नाही. दहा रुपयांच्या बोल्टपायी ईसीयू गेलेली गाडी मी बघितलीय. त्या गिऱ्हाइकाचा चेहरा अजून आठवतो.

ड्रिल, आणि ईझी-आउटची गोष्ट

वेल्ड जमत नसेल तर ड्रिल. इथं सगळं काम पहिल्या दोन मिनिटांत ठरतं. तुटलेलं तोंड वेडंवाकडं असतं, त्यावर बिट घसरतो. आधी ते लहान ग्राइंडरनं किंवा कानशीनं सपाट करा, मग सेंटर पंचची खूण अगदी मधोमध. एका डोळ्यानं बघून नव्हे, दोन बाजूंनी मोजून. ३ मिलिमीटरचा बिट, हळू वेग, ठाम दाब, तेलाचे थेंब. चांगला बिट लोखंडाची लांब कुरळी काढतो. कुरळी थांबून नुसती पूड यायला लागली तर बिट बोथट आहे किंवा बोल्ट आतून कडक झालाय, जोर वाढवू नका. उलट्या आट्याचा ड्रिल बिट मिळाला तर घ्याच. तो बोल्ट सुटण्याच्या दिशेनं फिरतो आणि अनेकदा ड्रिल करता करताच तुकडा फिरत बाहेर येतो.

पुढं ३ वरून ५, मग ६.५. एम-८ च्या दोन आट्यांत १.२५ मिलिमीटरचं अंतर असतं आणि त्याचं टॅप ड्रिल, म्हणजे टॅपनं (आटे पाडायच्या हत्यारानं) नवे आटे पाडण्याआधीचं भोक, ६.८ मिलिमीटर. भोक मधोमध असेल तर ६.५ ला आट्यांची पातळ जाळीच उरते, ती टोकदार सुईनं उकलून काढता येते. मग ८ × १.२५ चा टॅप हातानं घालून जुने आटे साफ करायचे. भोक बाजूला गेलं की बिट नटाचे आटे खायला लागतो, आणि ते दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

ईझी-आउट, म्हणजे तुटलेल्या बोल्टात भोक पाडून त्यात घालायचा उलट्या पिळाचा उतरता खिळा. दुकानदार हौसेनं देतात, लोक हौसेनं घेतात. विचार करा, ८ मिलिमीटरचा बोल्ट जिथं फिरण्याऐवजी तुटला, तिथं ४ मिलिमीटरचा उतरता खिळा तो कसा फिरवणार? शिवाय तो पाचरीसारखा आत घुसतो आणि बोल्टला आतून फुगवून आणखी आवळतो. ईझी-आउटचं पोलाद फार कडक आणि ठिसूळ असतं. आत तुटला तर साधा ड्रिल बिट त्याला ओरखडासुद्धा काढत नाही. गड्ड्याची जत्रा चालू होती, पोराला संध्याकाळी होम मैदानावर पाळण्यात बसायचं होतं, आणि मी पंढरपूर रस्त्याच्या एका गिऱ्हाइकाला ‘आजच देतो’ म्हणून बसलो होतो. ईझी-आउट घातला, टॅप हँडल लावलं, ‘टिक’ असा काचेसारखा आवाज. त्या ‘टिक’ नंतर चार दिवस आणि स्पार्क इरोजनच्या, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी कडक पोलाद झिजवणाऱ्या मशीनची मजुरी, तीही माझ्या खिशातून. तेव्हापासून ईझी-आउट मी फक्त तेव्हाच वापरतो, जेव्हा बोल्ट गंजलेला नसतो, नुसता जास्त आवळल्यानं तुटलेला असतो. तिथं तो झकास चालतो.

चिमट्याचा लांब बोल्ट

मागचा चिमटा, म्हणजे स्विंग आर्म, ज्या लांब बोल्टवर फिरतो तो जाम होणं ही याची थोरली बहीण. नट निघतो, बोल्ट मात्र बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटलेला. इथं आट्यांचा प्रश्न नसतो. दोन्ही बाजूंनी तेल, दोन दिवस, मग डोक्याला पाना लावून नुसता जागेवर फिरवून बघा. फिरला तर निघणार. ठोकायचा असेल तर नट परत टोकाच्या बरोबरीत बसवून, मध्ये पितळेचा तुकडा ठेवून ठोका. उघड्या आट्यावर हातोडी बसली की तोंड फुगतं आणि मग बोल्ट भोकातून जातच नाही. दोन दिवसांनीही हलत नसेल तर प्रेस असलेल्या कारखान्यात न्या. इथं मोठा घण उचलणारे लोक चेसिसचे कान वाकवून आणतात.

कुठं थांबायचं

बोल्ट इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये तुटला असेल, ब्रेक कॅलिपरचा असेल किंवा हँडलच्या गळ्याजवळचा असेल, तर तेल आणि ठोक्यांच्या पुढं घरी जाऊ नका. ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये अर्धवट आट्यांवर बसलेला बोल्ट रस्त्यात सुटला तर काय होईल ते सांगायला नको.

ड्रिल मधोमधपासून एक मिलिमीटरनं जरी सरकलं असेल तर बिट मोठा करत जाऊ नका. लेथवाल्याकडं किंवा मिलिंग मशीनवर न्या. तो भोक सरळ करून हेलिकॉइलची, म्हणजे नवे आटे देणारी गुंडाळलेली तार किंवा बुश बसवेल आणि त्यात मूळ मापाचा बोल्ट पुन्हा बसेल. सोलापुरात यंत्रमागाचे सुटे भाग करणारे टर्नर पिढ्यान्पिढ्या हेच काम करत आलेत. मोटारसायकल बघून नको म्हणाले तर ‘मागाच्या बीमच्या ब्रॅकेटसारखंच आहे’ म्हणा, लगेच हात पुढे करतात.

ईझी-आउट किंवा टॅप आत तुटला असेल तर स्वतः काहीच करू नका. तुमच्या प्रत्येक प्रयत्नानं पुढच्याचं काम वाढतं.

वेल्ड केलेल्या नटाभोवती चेसिसला बारीक चीर दिसली, गंजलेल्या रेषेसारखी, तर तो बोल्टचा प्रश्नच राहिला नाही. चेसिसचं वेल्डिंग कुठल्याही ग्रिलवाल्याकडं करायचं काम नाही. आणि चेसिस नंबर जिथं कोरलेला असतो तिथं ग्राइंडर, ज्योत, वेल्ड यातलं काहीही नेऊ नका. नंबर पुसट झाला तर आरटीओत तुम्हालाच उत्तरं द्यावी लागतात.

नट आत सुटून बोल्ट गरागरा फिरत असेल तर पाइपाला खिडकी कापायचा सल्ला कुणी दिला तरी आधी चेसिस बघणाऱ्या माणसाला विचारा. बहुतेक वेळा मागून पकड घेता येते.

नवा बोल्ट बसवताना

डोक्यावर ८.८ कोरलेला घ्या. चकचकीत स्टेनलेसचा सुंदर दिसतो, पण साध्या स्टेनलेसची ताकद ८.८ पेक्षा कमी. पहिले पाच-सहा आटे बोटांनी गेले पाहिजेत. पाना लावावा लागतोय म्हणजे आटे साफ नाहीत, टॅप पुन्हा फिरवा. आट्यांना कॉपर ग्रीस, नसेल तर साधं ग्रीस. ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरात जास्त आवळला जातो, म्हणून २५ च्या ऐवजी २० न्यूटन मीटरपाशी थांबा. मागून बाहेर आलेल्या शेपटीलाही ग्रीसचं बोट लावा. तीच शेपूट पुढच्या वेळी नडते.

मोहोळकडून दूध घेऊन येणारे एक मामा आहेत. त्यांच्या गाडीचे मागचे चारही बोल्ट एकाच पावसाळ्यात तुटले होते. आता दर सहा महिन्यांनी ते कॅन उतरवून गाडी लावतात, आम्ही चारही बोल्ट एकदा सैल करतो, पुसतो, ग्रीस लावून परत आवळतो. गेल्या वेळी पोरगं पाना लावून म्हणालं, ‘अण्णा, फिरला.’ मी पाना हातात घेऊन बघितला. फिरलाच होता.